लोहाच्या गोळीपलीकडे

रक्तक्षयाचा आढावा आपल्याकडे बहुधा लोहाच्या गोळ्यांच्या वाटपापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. प्रशासनातील माझ्या वर्षांत मी अशा बैठका पुष्कळ पाहिल्या. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील मुलांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५८.६ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ६७.१ टक्क्यांवर गेले. अपुरा आहार हे यामागील मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु शिसे या आणखी एका कारणाचा विचार धोरणात जवळजवळ होतच नाही.

हिमोग्लोबिन हे प्रथिन हीम आणि ग्लोबिन यांपासून बनते. हीम घडवणाऱ्या विकरांपैकी दोन विकरांचे काम शिसे रोखते. त्यांतील एक विकर लोहाचा अणू हीमच्या साच्यात बसवते. ते अडले की लोह असूनही त्या जागी जस्त जाऊन बसते. हीम कमी पडताच पेशी ग्लोबिनची निर्मितीही आवरती घेते. कच्चा माल दाराशी आणि यंत्र बंद, अशी ही अवस्था. लोहाची उणीव असलेले शरीर शिसे अधिक शोषते, म्हणून गोळ्या हव्यातच. मात्र जेथे शिशाचा संपर्क मोठा आहे, तेथे त्या पुरेशा नाहीत.

२००० साली पेट्रोलमधून शिसे गेले. बॅटऱ्यांतून ते राहिले. ई-रिक्षा आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या आजही अनेक ठिकाणी वस्तीलगत फोडल्या आणि वितळवल्या जातात. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाच्या अंदाजानुसार, रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असलेली सुमारे २७.५ कोटी मुले भारतात आहेत.

ब्रिटनने १८९५ मध्ये कारखान्यांतील शिसेबाधेची नोंद सक्तीची केली. कोणत्या व्यवसायात किती माणसे आजारी पडतात, हे त्यामुळे सरकारला दिसू लागले. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानेही हा रोग अधिसूचनीय ठरवला. पण ती तरतूद कारखान्यापुरती होती. परसात बॅटरी फोडणारा मजूर आणि शेजारी खेळणारे त्याचे मूल तिच्या कक्षेत आले नाहीत. २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, तीही कचऱ्यापुरतीच. रक्तात उतरलेल्या शिशाचा हिशेब त्यांत नाही.

२०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेने आहाराबाहेरील कारणांत मलेरिया, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक विकार आणि फ्लोरोसिस यांवर भर दिला. त्या यादीत शिशाची भर घालावी. अवैध भट्ट्यांची माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळाने आरोग्य खात्याला द्यावी आणि त्या वस्त्यांतील रक्तक्षयी मुलांची शिशाची तपासणी व्हावी. दोन्ही खात्यांना एकत्र बसवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आजही आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.