न बोललेलं वाक्य

मैत्रिणींनो, माझी धाकटी जाऊ यंदा बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसते आहे. वय 27, पदरी दोन वर्षांचं मूल. तिच्यासाठी वयाची अट 28 ची, म्हणजे संधी शेवटचीच म्हणा ना!

गणितात तिचा हात कोणी धरणार नाही. गाडी अडते ती 'विधान आणि गृहीतक' या प्रश्नांपाशी. गृहीतक म्हणजे बोलणाऱ्यानं बोलून न दाखवलेली, पण मनात धरून चाललेली गोष्ट.

हा नमुना पाहा. बँकेत पाटी आहे : 'गर्दी टाळण्यासाठी सकाळी लवकर या.' पहिलं गृहीतक : सकाळी लवकर गर्दी कमी असते. दुसरं : सगळ्या ग्राहकांना सकाळी सवड असते.

जाऊ म्हणाली, "पहिलं चूक. आपल्याकडे सकाळीच तर झुंबड असते!"

नेमकी इथंच फसगत होते. आपला अनुभव कुणी विचारलेलाच नाही. पाटी लिहिणाऱ्यानं काय धरून चाललं, तेवढंच विचारलंय.

यावर सोपी युक्ती आहे. गृहीतक उलटं करून पाहायचं. 'सकाळी गर्दी कमी नसते' म्हटलं की पाटीला अर्थच उरत नाही. म्हणून पहिलं गृहीत आहे. 'सगळ्यांना सवड नसते' म्हटलं तरी पाटी टिकते. ज्यांना जमेल ते येतील. म्हणून दुसरं गृहीत नाही. 'सगळे', 'फक्त', 'नेहमी' असे शब्द दिसले की दोनदा वाचावं.

आपल्या न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवताना ही मधली पायरी गाळत नसत. 'डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो' एवढ्यावर न थांबता 'जिथं धूर, तिथं आग' हेही बोलून दाखवायचं. आणि दाखला कशाचा? चक्क स्वयंपाकघराचा!

तर स्वयंपाकघरातलीच गोष्ट. परवा मी सासूबाईंना म्हणाले, "धाकटी घरीच आहे, भाकरी तीच टाकेल." जाऊनं पुस्तकातून मान वर केली. "ताई, यातलं गृहीतक सांगा बरं."

घरी असलेली बाई रिकामी असते, हे ते गृहीतक. उलटं करून पाहिलं आणि माझं वाक्य जागच्या जागी कोसळलं. एरवी हेच वाक्य कुणी मला ऐकवलं की मी दिवसभर धुसफुसते, हो!

परीक्षा होईपर्यंत संध्याकाळच्या भाकरी आता माझ्याकडे आहेत. तुमच्याही घरी कुणी अभ्यासाला बसली असेल, तर तिला ही युक्ती सांगाच. पण त्याआधी आपलं एखादं वाक्य उलटं करून पाहा.