भाषा यूआरएलमध्ये लिहा

दोन-तीन भाषांची वेबसाइट करायला घेतली की ग्राहकाची पहिली मागणी ठरलेली असते : वाचकाची भाषा ओळखा आणि पान आपोआप त्या भाषेत उघडू द्या. मागणी रास्त आहे, आणि त्यासाठीची सोय एचटीटीपीमध्ये फार जुनी आहे. ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज हा हेडर पाठवतो. त्यात भाषांचे कोड असतात आणि प्रत्येकापुढे 0 ते 1 मधला पसंतीचा आकडा : मराठी पूर्ण पसंतीची, हिंदी 0.8, इंग्रजी 0.5. सर्व्हरने आपल्याकडच्या प्रती या यादीशी ताडून पाहायच्या आणि सगळ्यांत जास्त जुळणारी प्रत द्यायची. अपाची हे काम मॉड-निगोशिएशन या मॉड्यूलने करतो, आणि डेबियनसारख्या मोठ्या प्रकल्पाची वेबसाइट वर्षानुवर्षे याच पद्धतीवर चालत आली आहे.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे. मराठी वाचकांसाठी साइट करत असाल, तर या हेडरवर पानाची भाषा सोपवू नका.

हेडरमध्ये जे लिहिलेले असते ते बहुतेक वेळा फोनच्या किंवा ब्राउझरच्या मेनूची भाषा असते. आपल्याकडे फोन इंग्रजीत ठेवून दिवसभर मराठी वाचणारी माणसे घराघरांत आहेत. त्यांना ‘सेटिंग्ज’ आणि ‘अपडेट’ इंग्रजीत दिसायची सवय आहे. पिकाचा सल्ला, शाळेच्या प्रवेशाची माहिती किंवा औषधाच्या सूचना मात्र मराठीत हव्या आहेत. त्यांचा फोन सर्व्हरला सांगतो ‘इंग्रजी, भारत’, त्याखाली ‘इंग्रजी’, आणि तिथेच यादी संपते. मराठीचा उल्लेखच नाही. अशा वाचकाला नियमाबरहुकूम इंग्रजी पान मिळते, सर्व्हरच्या लॉगमध्ये 200 उमटतो, आणि चूक कुणालाच दिसत नाही. पुढे त्याच लॉगवरून निष्कर्ष निघतो की मराठी पाने कुणी वाचत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या भाषांतराच्या खर्चाला कात्री लागते. हे चक्र आपण तांत्रिक माणसांनीच थांबवले पाहिजे, कारण त्याचे मूळ आपल्या कॉन्फिगमध्ये आहे.

ज्यांनी फोन मराठीत ठेवला आहे, त्यांचेही सगळे सुरळीत होतेच असे नाही. समजा एखाद्या अ‍ॅपमधला ब्राउझर ‘मराठी, भारत’ आणि ‘इंग्रजी’ एवढेच पाठवतो, आणि सर्व्हरवर नुसती ‘मराठी’ अशी खूण केलेली प्रत आहे. माणसाच्या दृष्टीने ही जुळणी उघड आहे. अपाचीच्या नियमात मात्र प्रदेशासह मागितलेली भाषा आणि प्रदेशाविना ठेवलेली प्रत थेट जुळत नाहीत. मूळ भाषा तो 0.001 इतक्या क्षुल्लक पसंतीने यादीत धरतो. म्हणजे इंग्रजी जिंकते. ब्रिटिश इंग्रजी आणि फ्रेंच लावून ठेवणाऱ्याला फ्रेंच पान मिळते, ते याच कारणाने.

एनजिनएक्समध्ये भाषेची वाटाघाट करणारी अंगभूत सोय नाही. मग मॅप डायरेक्टिव्हमध्ये एक रेगेक्स लिहिला जातो, हेडरची पहिली दोन अक्षरे कापून घेतली जातात, आणि पसंतीचे आकडे वाचलेच जात नाहीत. गोव्यासाठी काम करणाऱ्यांनी तर इथे विशेष जपायला हवे. 1987 च्या कायद्याने गोव्याची राजभाषा देवनागरी कोंकणी आहे आणि शासकीय कामात मराठीलाही स्थान आहे, त्यामुळे तिथल्या साइटवर इंग्रजी धरून तीन भाषा सहज येतात. कोंकणीचा कोड तीन अक्षरांचा आहे : के-ओ-के. त्यातली पहिली दोन घेतली की उरते के-ओ, आणि तो कोरियनचा कोड आहे. कोंकणी वाचकाला सर्व्हर कोरियन समजतो, ती प्रत नसल्याने इंग्रजीवर घसरतो. भाषेचे कोड दोन ते तीन अक्षरांचे असतात, त्यांपुढे लिपी आणि प्रदेश येऊ शकतो. बीसीपी 47 मध्ये हे सगळे लिहिलेले आहे. तयार लायब्ररी वापरा, कोड हाताने कापू नका.

आता कॅशकडे या. एकाच यूआरएलवर दोन भाषा दिल्या की उत्तरासोबत व्हॅरी हेडरमध्ये अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज लिहावेच लागते. नाहीतर मधल्या कॅशने पहिल्या वाचकाची इंग्रजी प्रत पुढच्या सगळ्यांना वाटलीच म्हणून समजा. लिहिले, तर दुसरी अडचण उभी राहते. अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेजमधली ओळ ब्राउझरागणिक वेगळी असते, प्रत्येक वेगळ्या ओळीसाठी कॅश वेगळी प्रत साठवतो, आणि कॅशचा उपयोगच उरत नाही. काही सीडीएन तर या सूचनेकडे लक्षच देत नाहीत. शोधयंत्रांचेही तेच. गूगलचा बॉट पान मागताना सहसा भाषेची पसंती पाठवत नाही, त्यामुळे त्याला कायम तुमची मूलभूत प्रत दिसते. ती इंग्रजी असेल, तर मराठी मजकूर शोधात सापडणार नाही.

म्हणून भाषा यूआरएलमध्ये असावी : मार्गाच्या सुरुवातीला किंवा सबडोमेनमध्ये. मराठी विकिपीडिया 2003 पासून असाच स्वतंत्र सबडोमेनवर आहे, आणि तिथल्या लेखाची लिंक बेळगावात, इंदुरात किंवा न्यू जर्सीत, कुठल्याही फोनवर उघडली तरी मराठीच उघडते. बहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली मराठी लिंक भावाच्या फोनवर इंग्रजीत उघडणे हा आमच्या लेखी सरळ बिघाड आहे, आणि तो तसाच नोंदवला जावा.

हेडरचा उपयोग फक्त एका ठिकाणी करा : वाचक भाषेविना मुख्य पत्त्यावर आला, तर पहिला अंदाज बांधण्यापुरता. तिथून 302 ने पुढे पाठवा. 301 दिलात तर ब्राउझर तो निर्णय कायमचा समजून साठवतो, आणि वाचकाने नंतर भाषा बदलली तरी त्याला जुन्याच दाराशी नेतो. वाचकाने स्वतः भाषा निवडली की ती कुकीत ठेवा आणि पुढे तीच श्रेष्ठ माना. आतल्या पानांवर रीडायरेक्ट नकोच. आयपीवरून भाषा ठरवणे तर पूर्ण सोडून द्या. मुंबईचा आयपी माणूस मुंबईत आहे एवढेच सांगतो, आणि पुष्कळदा तेही नीट सांगत नाही. अंदाज जुळलाच नाही तर काय, हेही ठरवून ठेवा. अपाचीत लँग्वेज-प्रायॉरिटीत मराठी पहिली लिहा आणि फोर्स-लँग्वेज-प्रायॉरिटीला फॉलबॅक जोडा, म्हणजे कुणाच्या पदरी 406 पडणार नाही. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. राज्यातल्या लोकांसाठी केलेल्या साइटची मूलभूत भाषा इंग्रजी ठेवायला आम्हांला एकही सबळ कारण दिसत नाही.

भाषा बदलण्याची लिंक प्रत्येक पानावर वर, ठळक, आणि त्या भाषेच्या स्वतःच्या नावाने असावी : मराठी, कोंकणी, हिन्दी. झेंडे नकोत. ती लिंक त्याच पानाच्या दुसऱ्या प्रतीवर गेली पाहिजे, मुखपृष्ठावर नाही. अर्धा भरलेला फॉर्म टाकून वाचकाला पुन्हा सुरुवातीला यायला लावणे अन्यायाचे आहे. पानांच्या जोड्या एचरेफलँगने एकमेकींना सांगा, दोन्ही बाजूंनी.

एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमधल्या लँगकडे आमच्या व्यवसायात अजून पुरेसे लक्ष नाही. टेम्प्लेट इंग्रजी असते, मजकूर मराठी भरला जातो, खूण मात्र इंग्रजीची राहते. दिसणाऱ्याला फरक जाणवत नाही. स्क्रीनरीडरवर अवलंबून असलेल्या वाचकाला मात्र देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात ऐकावा लागतो, किंवा ऐकूच येत नाही. डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या नियमावलीत पानाची भाषा सांगणे हा ‘ए’ पातळीचा, म्हणजे अगदी किमान निकष आहे. हिंदीची खूण ठेवली तर आवाज हिंदीचा लागतो, आणि मराठीतले च चे दोन्ही उच्चार सारखेच होतात. काही फाँटांत ल आणि श यांचे मराठी वळणही याच खुणेवर मिळते. एका शब्दाची दुरुस्ती आहे; आज करून टाका.

शेवटी एक काम. अपाचीसोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगमध्ये भाषांची आणि त्यांच्या फाइल-विस्तारांची यादी असते. तीत एकही भारतीय भाषा नाही, मराठीची ओळ आपल्यालाच घालावी लागते. त्याच्यासोबत अनेक भाषांतली तयार त्रुटीपानेही मिळतात, 404, 403, 500 वगैरे. त्यांतही मराठी नाही. पान सापडत नाही, परवानगी नाही, सर्व्हर अडला आहे : ही डझनभर छोटी वाक्ये आहेत, पण गोंधळलेल्या वाचकाला नेमकी त्याच क्षणी आपली भाषा हवी असते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी आणि चांगले मराठी लिहिणाऱ्यांनी मिळून ती लिहावीत, वापरून पाहावीत आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवावीत. तुमचे मसुदे आमच्याकडे आले, तर पुढच्या अंकांत ते छापू आणि त्यांवरची चर्चाही.