बटाट्याचा मालक कोण?

कोका कोला कंपनी १९७७ साली भारत सोडून गेली, तेव्हा घरोघरी चर्चा होती ती तिच्या गुपिताची. जनता सरकारातले उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांचे म्हणणे असे, की परकी चलन कायद्याप्रमाणे भांडवलातला मोठा हिस्सा भारतीयांच्या हाती द्या आणि पेय कसे बनते तेही सांगा. कंपनीने हिशेब केला आणि गाशा गुंडाळला. एवढ्या मोठ्या बाजारपेठेवर तिने पाणी सोडले, पण कृतीच्या कागदावर नाही. सोळा वर्षांनी, १९९३ मध्ये, ती परत आली आणि तिने मुंबईच्या पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावे विकत घेतली. जाताना जपली ती कृती आणि येताना खरेदी केली ती नावे. बाटल्या, साखर, पाणी यांना दोन्ही वेळा दुय्यम मान. बौद्धिक संपदा म्हणजे काय, हे समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही.

कृती तिजोरीत ठेवता येते. नावाची नोंद करता येते आणि एखादे अक्षर बदलून कोणी तसल्याच बाटल्या विकू लागला, तर त्याला न्यायालयात खेचता येते. त्याबद्दल कोणाची फारशी तक्रारही नसते. पण जी संपदा मातीत पुरली की तीन-चार महिन्यांत आपोआप कित्येक पटींनी वाढते, तिला कुलूप कुठे लावायचे? मी बटाट्याविषयी बोलतो आहे.

पेप्सीला १९८८ साली भारतात यायची परवानगी मिळाली, ती बऱ्याच अंशी शेतीच्या नावावर. पंजाब ॲग्रो आणि व्होल्टास हे तिचे भागीदार होते. टोमॅटोवर प्रक्रिया करू, फळा-भाज्यांना बाजार देऊ, निर्यात करू अशी आश्वासने होती. निव्वळ परदेशी नावाने पेय विकायला बंदी, म्हणून ‘लेहर पेप्सी’ असे जोडनाव आले. टोमॅटोचे पुढे काय झाले तो वेगळा विषय आहे. बटाटा मात्र टिकला, आणि आज शाळेच्या डब्यापासून रेल्वेच्या प्रवासापर्यंत तो कुरकुरतो आहे.

उपासाचे वेफर्स घरी करणाऱ्यांना ठाऊक असते, की सगळे बटाटे तळायच्या लायकीचे नसतात. ज्यात साखर जास्त, ते कढईत लालकाळे पडतात. ज्यात पाणी जास्त, ते तेल पितात आणि नरम राहतात. घरी एखादा घाणा बिघडला तर आपण भाजीत ढकलतो, कारखान्याला ते परवडत नाही. म्हणून कमी पाण्याचा, कमी साखरेचा, गोल आणि एकसारखा बटाटा हवा. तो देवाने दिलेला नाही. पैदासकार संकरातून हजारो रोपे वाढवतात, बहुतेक सगळी फेकून देतात आणि बऱ्याच वर्षांनी हाती एखादे वाण लागते. पेप्सीच्या अमेरिकेतल्या शाखेने असे एक वाण काढले. कागदोपत्री त्याचे नाव एफएल २०२७, बाजारातले नाव एफसी ५. भारतात ते २००९ पासून आले. कंपनी करार करून शेतकऱ्याला बेणे देते, ठरलेल्या भावाने माल घेते आणि आकाराच्या अटीत न बसणारा माल नाकारते. २०१६ च्या फेब्रुवारीत या वाणाची भारतात रीतसर नोंदणी झाली.

(आपल्या सरकारी संशोधकांनी हे काम केलेच नाही असे कोणी समजू नये. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफरी चिप्सोना’ या मालिकेतली पहिली वाणे १९९८ सालीच दिली होती. त्यांचा गाजावाजा झाला नाही एवढेच.)

आता गुजरातकडे वळू. २०१९ च्या एप्रिलमध्ये साबरकांठा जिल्ह्यातल्या चार शेतकऱ्यांवर पेप्सीने अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात दावे लावले. आमचे नोंदणीकृत वाण तुम्ही आमच्या परवानगीशिवाय पिकवता आणि विकता, असा आरोप. नुकसानभरपाईची मागणी प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक. शेतकरी चार-पाच एकरांतले. ओळखीच्या शेतकऱ्यांकडून बेणे घेतले, लावले, विकले, असे त्यांचे सरळ म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, शेतातल्या बटाट्याचे नमुने तपासणीला गेले. सुनावणीत कंपनीने तडजोड सुचवली: आमच्याकडूनच बेणे घ्या आणि आम्हालाच माल विका, नाहीतर हे वाण लावणे सोडा. लोकसभेच्या निवडणुका चालू होत्या. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले.

एक कोटी! हा आकडा मला आजही पटत नाही. चार एकर बटाट्यावर एका हंगामात होऊन होऊन कोणाचे किती नुकसान होईल? तो आकडा वसुलीसाठी नव्हता, आजूबाजूच्या गावांनी ऐकावा म्हणून होता, असे माझे मत आहे. आणि गावांनी तो ऐकला.

पण इथेच थांबून ‘बहुराष्ट्रीय राक्षस विरुद्ध गरीब बळीराजा’ असे चित्र रंगवणे मला मंजूर नाही. ते चित्र आपण डंकेल मसुद्याच्या दिवसांत पुरेसे पाहिले आहे. डिसेंबर १९९२ मध्ये बंगळूरला शेतकरी कार्यकर्त्यांनी कारगिल या बियाणे कंपनीच्या कार्यालयात घुसून कागदपत्रे बाहेर फेकली होती. त्याच काळात आपल्याकडे शरद जोशी मात्र डंकेलच्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्याला बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हवे असेल तर दारे उघडा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोघेही शेतकऱ्याच्याच नावाने बोलत होते. दोघांच्याही म्हणण्यातला काही भाग खरा ठरला, म्हणून तर हा विषय एवढा अवघड आहे.

जागतिक व्यापार करारात १९९५ साली आपण शिरलो, तेव्हा वनस्पतींच्या वाणांना काही ना काही संरक्षण देणे भाग पडले. मात्र ते पेटंटनेच द्यावे अशी सक्ती नव्हती, स्वतःचा वेगळा कायदा केला तरी चालणार होते. श्रीमंत देशांनी पैदासकारांच्या सोयीचा एक तयार साचा बनवून ठेवला होता. भारताने तो न घेता २००१ मध्ये आपला कायदा केला, आणि त्याच्या नावातच दोन गोष्टी शेजारीशेजारी बसवल्या: पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क. संसदेने त्या काळात केलेल्या चांगल्या कामांत मी याची गणना करतो.

या कायद्याचे ३९ वे कलम असे सांगते, की शेतकऱ्याला आपल्या शेतातला माल, त्यात बियाणेही आले, राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क पूर्वीसारखाच आहे. वाण नोंदणीकृत असले तरीही. अट एकच: नोंदणीकृत वाणाचे बियाणे नाव-छाप लावून विकायचे नाही. पुढे ४२ व्या कलमात, अजाणतेपणी हक्कभंग झाला तर शेतकऱ्याला दोषी धरू नये, अशीही तरतूद आहे. म्हणजे पोत्यावर लेबल चिकटवून दुकान मांडणारा व्यापारी एका बाजूला, आणि शेजाऱ्याला चार पोती बेणे देणारा शेतकरी दुसऱ्या बाजूला. रेघ स्पष्ट दिसते. मग साबरकांठ्याचे शेतकरी रेघेच्या कोणत्या बाजूला होते? याचे उत्तर न्यायालयाने द्यायला हवे होते. दावेच मागे घेतल्यामुळे ते कधी मिळाले नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातले खरे नुकसान ते आहे.

पुढची लढाई झाली ती नोंदणीच्या कागदांवरून. शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांनी नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने ती रद्द केली. वाण ‘नवे’ म्हणून अर्ज केला होता, पण ते आधीपासून विक्रीत होते, पहिल्या विक्रीची तारीख चुकीची दिली, पैदासकाराकडून हक्क मिळाल्याची कागदपत्रे पुरी नव्हती, अशी कारणे होती. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी कंपनीचे अपील फेटाळले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि नोंदणी पुन्हा जिवंत झाली. अर्जातल्या त्रुटी एवढ्या मोठ्या नव्हत्या, की वाणाचा हक्कच जावा. कायद्याच्या दृष्टीने हे पटण्याजोगे आहे. आधीपासून प्रचलित असलेले वाण म्हणूनही त्याची नोंद होऊ शकत होतीच.

हे सगळे गुजरातेत आणि दिल्लीत घडले, पण आपल्यापासून दूर नाही. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. पेठ, कुरवंडी या बाजूला पावसाळ्यात गेलात तर हिरव्या सरींशिवाय दुसरे दिसत नाही. वेफर्ससाठी करारावर बटाटा लावणारे शेतकरी तिथे बऱ्याच वर्षांपासून आहेत. त्यांतल्या एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारले, “बेण्याची पावती ठेवता का?” ते हसले. म्हणाले, “कंपनीकडनं आलं तर कागद असतो. सोयऱ्याकडनं आणलं तर त्याला पावती मागायची का साहेब? पुढच्या साली तो माझ्याकडं येणार.” कराराचा भाव त्यांना आवडतो, कारण मंचरच्या बाजारात बटाटा कधी कोसळेल याचा नेम नसतो. आणि भाव बाहेर चढला की काही पोती बाहेर जातात, हेही त्यांनी लपवले नाही. दोन्ही बाजूंचे हे असे आहे. ज्या शेतकऱ्यांनी करार पाळला, त्यांनाही शेजारचा फुकटात तेच वाण लावतो याचा राग येतोच.

कंपनीच्या पैशावर आणि कष्टावर दुसऱ्या कंपनीने फुकट वेफर्स तळावेत, हे मला मान्य नाही. बेणे गोळा करून, छाप मारून विकणाऱ्या दलालालाही मी चोरच म्हणेन. दावा लावायचा तर तिथे लावावा. तिथे कोटीचा आकडाही शोभतो. शेतापर्यंत जाण्याची गरज कंपनीला पडते, कारण शेतकरी सापडायला सोपा आणि दलाल अवघड.

कायद्याच्या नावातला दुसरा शब्द मात्र आपण विसरून गेलो आहोत. शेतकरी हा नुसता बियाणे वापरणारा नाही, तो वाण काढणाराही असतो. एचएमटी तांदूळ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शिजतो. तो काढला चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, असे कित्येक हंगाम. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह स्वतःच्या शोधाला लागले, आणि शोध लावणाऱ्याचे नाव मात्र पोत्यावर कुठेच नाही! १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले, १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही ते शुद्ध केले. दादाजींना पुरस्कार मिळाले, राष्ट्रपतींच्या हस्ते सत्कारही झाला. पण त्या तांदळाच्या एकाही पोत्यामागे त्यांना काही मिळाले नाही, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हा हलाखी संपलेली नव्हती. त्यांनी वाण काढले तेव्हा २००१ चा कायदा नव्हता, हे खरे. आज तो आहे, शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंद करता येते. पण परीक्षण, वर्णन, अर्ज, पाठपुरावा हे सारे करून देणारे वकील एफएल २०२७ पाशी असतात, बांधीतल्या माणसापाशी नसतात. त्याच्यासाठी प्रत्येक कृषी विद्यापीठात एक टेबल आणि एक जाणता माणूस बसवायला किती खर्च येईल?

आणि करार मराठीत हवेत. छोट्या अक्षरांतल्या इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन पुढे त्याच कागदाच्या जोरावर हक्क सांगणे, याला मी व्यवहार म्हणत नाही. नाकारलेला माल शेतकऱ्याने विकावा की नाही, त्याचे बेणे ठेवावे की नाही, हे त्यात दोन ओळींत लिहिता येईल. ३९ व्या कलमापेक्षा ते कलम कडक असेल तर शेतकऱ्याला तेवढे आधी कळेल.

एफसी ५ चे संरक्षण २०३१ च्या जानेवारीत संपते. नंतर तो कोणीही लावावा, कोणीही तळावा. तोवर कंपन्यांनी आणखी नवी, आणखी कमी पाण्याची वाणे आणलेली असतील, आणि त्यांचेही बेणे एखाद्या जूनमध्ये सातगाव पठारावर सोयऱ्याच्या टेंपोतून येऊन पोहोचेल. पोत्यावर नाव नसेल.