महायुद्धाची वळणे कोणी वळवली?

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की चर्चिल, स्टॅलिन, रोमेल अशी नावे पुढे येतात. अमुक सेनापतीने अमुक चाल केली आणि पारडे फिरले, असे मुलांना शिकवले जाते. आम्ही रेल्वे कामगार. गाडी वेळेवर पोहोचली तर कौतुक कोणाचे होते आणि लेट झाली तर चार्जशीट कोणाला मिळते, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. म्हणून त्या युद्धाची वळणे एकदा कामगाराच्या बाजूने तपासली पाहिजेत.

पहिले वळण मिडवेचे. जून १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरात जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. या लढाईत अमेरिकेचे यॉर्कटाउन हे जहाज होते. महिनाभर आधीच ते बॉम्बने फुटले होते आणि दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. पर्ल हार्बरच्या गोदीतील सुमारे चौदाशे कामगारांनी रात्रंदिवस खपून तीनच दिवसांत ते पुन्हा समुद्रात सोडले. इतिहासात अॅडमिरलची नावे आहेत, त्या चौदाशेंची नाहीत.

दुसरे वळण स्टालिनग्राडचे. १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या तेव्हा सोव्हिएत रेल्वे कामगारांनी दीड हजारांहून अधिक मोठे कारखाने यंत्रांसकट गाड्यांवर चढवून पूर्वेकडे हलवले. तिकडे रणगाडे तयार होऊ लागले. जर्मनांची मात्र पंचाईत झाली. सोव्हिएत रूळ रुंद, त्यांचे अरुंद. फौज पुढे जाईल तसतसा गेज बदलत न्यावा लागे. गेज बदलला की माल उतरवायला आणि चढवायला किती हात लागतात, हे गोंदियाच्या नॅरोगेजवर काम केलेल्या आमच्या जुन्या साथींना विचारावे. २ फेब्रुवारी १९४३ रोजी स्टालिनग्राडला जर्मन फौज शरण आली.

तिसरे वळण आपल्या दारातले. एप्रिल ते जून १९४४ मध्ये कोहिमाला जपानी फौज अडली. तिने सोबत जेमतेम तीन आठवड्यांचे धान्य आणले होते. बाकीचे इंग्रजांच्या कोठारांतून लुटायचे, असा बेत होता. त्यांतले मोठे कोठार दिमापूर रेल्वे स्टेशनावर होते. तेथवर माल पोहोचवणे सोपे नव्हते. ब्रॉडगेजवरून मीटरगेजवर माल बदलायचा आणि ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने फेरीने पलीकडे न्यायचा. हे काम रेल्वे कामगारांनी आणि हमालांनी केले. पुढचा डोंगरातला रस्ता चहामळ्यांच्या मजुरांनी बांधला. त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. फौजेपर्यंत धान्य पोहोचत होते, गरिबाच्या ताटात मात्र पोहोचले नाही. युद्धाचा खर्च कोणी भरला, हे यावरून कळते.

आता चौथे वळण. ते पुस्तकात क्वचितच सापडते आणि ते आमच्या जबलपूरचे आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांनी बंड केले. पाठोपाठ २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधील जवान बराकींबाहेर पडले. त्यांची संख्या सुमारे सतराशे होती. गोऱ्या सैनिकाइतकेच काम, पण पगार कमी, जेवण निकृष्ट आणि वर अपमानाची भाषा. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, ही त्यांची आणखी एक मागणी होती. काँग्रेस आणि लीग या दोघांचे झेंडे एकत्र घेऊन ते शहरातून गेले. सरकारने संगिनी लावलेले गोरे सैनिक आणून बंड मोडले आणि अनेकांवर खटले भरले. युद्ध जिंकून देणाऱ्या जवानांना विजयाचा हिस्सा मागितल्यावर हे मिळाले.

तरी ते वर्ष वाया गेले नाही. १९४६ मध्ये टपाल कामगारांनी देशभर संप केला आणि रेल्वे कामगारही संपाच्या उंबरठ्यावर आले. न्यायमूर्ती राजाध्यक्षांपुढे रेल्वेतील कामाच्या तासांचा वाद गेला आणि १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने ड्युटीच्या तासांना व विश्रांतीला मर्यादा मिळाली. आज आपण रोस्टरवर हुज्जत घालतो, त्याचे मूळ तेथे आहे.

युद्धाने आणखी एक वारसा ठेवला. १९४२ साली इंग्रज सरकारने भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला आणि चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप करण्यास बंदी केली. काही जण म्हणतील, शत्रू दारात असताना असे करावेच लागते. असेलही. पण युद्ध संपले तरी नियम गेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तो लोकोपयोगी सेवांसाठी, म्हणजे आम्हा रेल्वेवाल्यांसाठी, कायम राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि चौदा दिवसांची ही अट आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना आली. शत्रू दारात नसताना युद्धकाळातला अपवाद शांतताकाळाचा नियम झाला. याच जबलपुरात गन कॅरेज आणि खमरियाच्या कारखान्यांतील साथींनी १ ऑक्टोबर २०२१ रोजी आपले खाते कंपनीत बदललेले पाहिले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक शाखेने ही संहिता सभेत वाचून समजून घ्यावी. रेल्वेत ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराला सभासद करून घ्यावे, कारण संपाचा हक्क आकसतो तेव्हा सर्वांत आधी मार त्याला बसतो. आणि २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या जवानांची आठवण दरवर्षी जाहीरपणे काढावी. युद्धे कामगारांच्या हातांनी जिंकली जातात, पण विजयातला त्यांचा वाटा कोणी आणून देत नाही. १९४६ साली तो मागून घ्यावा लागला. आजही तो मागूनच घ्यावा लागेल.