उगमाच्या वाटेवर वेळेचा जमाखर्च

दौंड भीमेच्या काठी वसले आहे, शिरूर घोडनदीच्या. आणि घोडही पुढे भीमेलाच मिळते. म्हणून येथील कुटुंबांनी एकदा तरी भीमाशंकरचे उगमक्षेत्र पायी पाहावे. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य राज्यप्राणी शेकरूचे घर आहे.

कर्जत तालुक्यातील खांडसहून दोन वाटा चढतात. शिडी घाट अवघड, पावसात धोक्याचा. गणेश घाट लांबचा, पण मध्यम श्रेणीचा. कुटुंबाने दुसराच निवडावा, तोही पावसाळा सरल्यावर.

व्यापारी आधी खर्च मांडतो, तशी येथे वेळ मांडावी. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ मधील आडाखा सोपा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईस एक तास. यात विश्रांती धरलेली नाही. मुले व ज्येष्ठ सोबत असतील तर हिशेब दीडपट करावा.

हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, झाडीत अंधार त्याआधीच दाटतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना ही मर्यादा नवी नाही. माघारी वळण्याची वेळ घरीच ठरवावी आणि माथा समोर दिसत असला तरी ती मोडू नये. उरलेला चढ पुढच्या वर्षीही चढता येतो.