धडगावची नेमणूक

मुलाला धडगावची नेमणूक मिळाली, की आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. सातपुड्यातले आडगाव, भिल्ल-पावऱ्यांची वस्ती, घाटाची वाट! "कुणाला तरी भेटा, बदली करून घ्या," असा घरभर घोष सुरू होतो. मुलाचा स्वभाव कसा, हे मात्र कुणी विचारीत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली माणसांचे नि कामांचे सहा प्रकार मांडले. दोहोंचा मेळ बसला, तर माणूस कामात रमतो. मेधा पाटकर पीएच.डी. अर्धवट सोडून १९८५ साली नर्मदेच्या खोऱ्यात आल्या, त्या तिथल्याच झाल्या. पुढे १९९०च्या दशकात याच डोंगरांत आदिवासी मुलांसाठी जीवनशाळा उभ्या राहिल्या. माणसांची ओढ नसणाऱ्याला तिथला एक दिवसही जड जाईल.

म्हणून कागदांत रमणारा मुलगा कमी दर्जाचा नव्हे. कुणी हिशेब चोख ठेवतो, तेव्हाच डोंगरातल्या रेशन दुकानात धान्य पोचते.

तेव्हा आईबापहो, लग्नाआधी पत्रिका पाहता, तशी नोकरीआधी हीही पाहा. मग बदलीचा अर्ज लिहायचा की वळकटी बांधायची, हे त्यालाच ठरवू द्या.