पदपथ सलग हवा

२०११च्या जनगणनेत १,१६,५५१ लोकवस्तीचे म्हणून नोंदले गेलेले यवतमाळ शहर पुढे लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर इत्यादी गावे नगरपरिषदेच्या हद्दीत सामील झाल्यामुळे कागदोपत्री एकदम विस्तारले. परंतु करआकारणीचे दफ्तर ज्या तत्परतेने उपनगरांत पोचते त्या तत्परतेने पायी चालण्याजोगी वाट तेथे पोचत नाही, हे लोहाऱ्याहून दारव्हा रस्त्याने बसस्थानकाकडे चालत येणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल. शकुंतला रेल्वेच्या ऐन भराच्या काळात कचेरी, कापसाचा बाजार आणि शाळा ही सारी पायांच्या टप्प्यात होती, आणि बैलबंडी व कारकुनाची सायकल यांच्याच बरोबरीने पादचारीही रस्त्याचा धनी असल्यामुळे त्याच्यासाठी निराळ्या पदपथाची तजवीज करण्याची कोणास गरज भासली नाही. आता अंतरे वाढली, वाहने वाढली, आणि तो धनी मात्र रस्त्याच्या कडेचा उपरा झाला.

आपल्याकडे पदपथ म्हणजे बहुधा नालीवरचे झाकण. प्रत्येक घरधन्याने आपल्या फाटकापुढे ऐपतीप्रमाणे रपटा घातलेला असतो. एकाचा वीतभर उंच, दुसऱ्याचा उतरता, तिसऱ्यावर पावसात पाय घसरावा अशी गुळगुळीत फरशी, मध्येच उघडी नाली, पुढे विजेची डीपी आणि तिच्या आडोशाला पानठेला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. पण काठी टेकीत चालणाऱ्या म्हाताऱ्याला हे माप एका ठिकाणी मिळून दहा पावलांवर हरवत असेल, तर त्याच्या लेखी ते मिळालेच नाही. पदपथाचे देयक मीटरवर निघते, परंतु त्याची उपयुक्तता तो जेथे तुटतो तेथेच ठरते; म्हणून प्रभागाप्रभागांत तुकड्यातुकड्यांनी कामे वाटण्याचा मामूल सोडून, आधी एकच रस्ता अथपासून इतिपर्यंत सलग करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सायकलीच्या बाबतीत पुण्याचा अनुभव हाच धडा देतो. सायकलींचे शहर म्हणून ख्याती पावलेल्या त्या नगरीत सायकलमार्ग बांधले गेले, पण चौकाचौकांत ते खंडित झाल्याने आणि त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्याने सायकलस्वारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. यवतमाळने अरुंद रस्त्यांवर रंगीत पट्ट्यांचा सोस न धरता समांतर गल्ल्यांतून, गतिरोधक व दिशाफलक यांच्या साहाय्याने, शाळांकडे जाणारे शांत मार्ग जोडावेत. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. ती सायकल निर्भयपणे चालेल अशी वाट दिल्यावाचून ते दान अपुरेच राहते.

फेरीवाल्यांचे काय, असा आक्षेप येईल. २०१४च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यांचे सर्वेक्षण आणि विक्रीच्या जागांची आखणी यांची वाट घालून दिलेली आहे. तेव्हा निवडणूक नसताना उठवणे आणि निवडणूक आली की बसवणे या खेळाला आता सबब उरलेली नाही. उन्हाचा आक्षेप अधिक खरा आहे. वैशाखात सावलीवाचून पदपथ ओस पडणारच, म्हणून रस्ता रुंद करताना आधी कडुनिंब तोडायचे आणि मग शोभेची रोपे लावायची, हा क्रम उलटा झाला पाहिजे.

पैसा नाही, ही सबबही टिकणारी नाही. जलवाहिनीसाठी वा अन्य कामासाठी रस्ता खोदला की तो पूर्ववत करावाच लागतो. त्याच खर्चात नालीची झाकणे एका पातळीवर आणता येतात. शिवाय निर्वेध पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये स्पष्ट केल्यानंतर हा विषय नगरपरिषदेच्या मर्जीचा राहिलेला नाही. येत्या अंदाजपत्रकापूर्वी नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम खाते आणि महावितरण यांच्या अंमलदारांनी दारव्हा रस्ता एकत्र पायी चालावा, जेथे जेथे वाट तुटते ते प्रत्येक ठिकाण नकाशावर नोंदवावे, आणि दुरुस्ती कोणी व कोणत्या मुदतीत करायची हे त्यापुढे लिहून तो नकाशा जाहीर करावा. मुदत टळली तर जाब कोणाला विचारायचा, हे तरी नागरिकांस कळेल.